परक्या पुळणी

समुद्रकिनारा ही मुद्दाम जाऊन पाहण्याची गोष्ट आहे, असे आमच्या गावात कोणालाच वाटत नाही. आमचे गाव मालवण तालुक्यात, किनाऱ्याला अगदी लागून. किनाऱ्याला आम्ही पुळण म्हणतो. पुळणीवर जायचे ते काही कामाला: रापण ओढायला, वाळत घातलेली मासळी उलटायला, गणपती पोचवायला, आणि शेवटी एकदा चौघांच्या खांद्यावरून. संध्याकाळी सहज म्हणून कोणी पुळणीवर जाऊन बसलाच, तर घरची माणसे त्याचे काही बिनसले आहे की काय याची हळूच चौकशी करतात. मी चाळिशी ओलांडली, दोन कादंबऱ्या लिहिल्या, दोन्हींत समुद्र पानापानांवर गाजतो आहे. पण त्या समुद्रात गुडघ्यापलीकडे मी कधी उतरले नव्हते. मला पोहता येत नाही. माझ्या वयाच्या आमच्याकडच्या बायकांना सहसा येतच नाही.

अशी मी २०२५ च्या मे महिन्यात कॅरिबियन समुद्रातल्या चार बेटांच्या पुळणी तुडवून आले, हे ऐकून गावात बहुतेकांनी आधी खर्चाचा आकडा विचारला. तो त्यांचा हक्कच आहे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, नोकरी बालवर्गावरची, आणि कादंबऱ्यांच्या मानधनातून फार तर एका वर्षाची घराची शाकारणी होते. माझा धाकटा भाऊ एका मोठ्या प्रवासी बोटीवर कपडे धुण्याच्या खात्यात आहे. बोटीवरच्या नोकराच्या जवळच्या नातलगाला कधीमधी कमी भाड्यात जागा मिळते. ही जागा खरे म्हणजे माझ्या भावजयीची. पण तिच्या मांडीवर तीन महिन्यांचे मूल, म्हणून ती माझ्याकडे आली. विमानाच्या तिकिटाचे पैसेही धाकट्यानेच भरले. त्यामागे त्याचा एक हेतू होता. तो मला ठाऊक होता, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होते. पण बार्बाडोस येईपर्यंत आम्ही दोघांनीही त्याचे नाव काढले नाही.

आमच्या आईच्या मागे समुद्राकाठची चौदा गुंठ्यांची माडाची वाडी आम्हा दोघांच्या नावावर चढली आहे. सात-बारावर दोन नावे, म्हणजे विकायची तर सह्याही दोन. मुंबईच्या एका गृहस्थाला तेथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. भावाची सही तयार होती.

बोट निघाली पोर्टो रिकोतल्या सान हुआन बंदरातून. खोलीत माझ्या जोडीला साष्टीतली एक गोंयकार म्हातारी होती. तिचा मुलगा त्याच बोटीच्या स्वयंपाकघरात. ती कोकणी बोले, मी मालवणी. दोन दिवसांत आमच्या भाषांमधले कुंपण पार मोडून गेले. मी तिला मावशी म्हणू लागले. खोलीला खिडकी नव्हती, त्यामुळे समुद्रावर आठ दिवस राहूनही रात्री समुद्र फक्त पाठीला कळे. बोट रात्रभर चालायची आणि सकाळी दार उघडले की नवे बेट. आठ-नऊ तासांनी सगळ्यांनी परत बोटीवर. गाडी फलाटावर उभी असताना घाईघाईने स्टेशनाबाहेर जाऊन चहा पिऊन यावे, तशी ही बेटे आम्ही पाहिली. अशा पाहण्याला पाहणे म्हणावे की नाही, याबद्दल मला अजूनही शंका आहे. मावशीला नव्हती. बंदर सुटताना ती प्रत्येक बेटाला हात जोडी आणि म्हणे, "तुका पळयलो."

माझ्या भावाला ही बेटे वेगळ्याच वाटेने कळलेली आहेत. बोटीवरचे तीन हजारांवर लोक सकाळी बोटीचे टॉवेल घेऊन पुळणीवर जातात आणि संध्याकाळी ते टॉवेल खाली त्याच्याकडे येतात, वाळूसकट. पाण्याच्या पातळीखालच्या त्या खोलीत, जेथे दिवस-रात्रीचा फरक घड्याळावरूनच कळतो, तो नऊ वर्षे टॉवेल झाडतो आहे. पहिल्या रात्री जेवणानंतर जिन्यापाशी भेटला तेव्हा म्हणाला, "अँटिग्वाची वाळू मैद्यासारखी. हाताला लागते, पण जाणवत नाही. सेंट लुशियाची राखी, जड. ती यंत्राच्या जाळीत खाली बसते. बार्बाडोसची म्हणजे बारीक रवा." मी म्हटले, "आणि आपली?" तो हसला. "आपली कोणी टॉवेलातून आणत नाही."

पुढे मी त्यामागचे कारण समजून घेतले. सेंट लुशिया ज्वालामुखीतून वर आलेले बेट, म्हणून तिथल्या कित्येक पुळणी करड्या. बार्बाडोसचा बराचसा भाग म्हणजे समुद्रातून वर उचलले गेलेले प्रवाळ. तेथल्या पांढऱ्या वाळूतली पुष्कळशी वाळू तर पोपटमाशाने केलेली असते: तो प्रवाळ दातांनी खरवडतो, आतले खाद्य पचवतो आणि उरलेली पूड मागे टाकतो. मोठ्या हौसेने माणसे ज्या वाळूवर आडवी होतात तिचे हे मूळ मी मावशीला सांगितले. ती ताबडतोब उठून बसली.

पहिले बेट सेंट थॉमस. हे आणि शेजारची बेटे डेन्मार्कने १९१७ साली अडीच कोटी डॉलरांना अमेरिकेला विकली. अमेरिकेचा मुलूख, पण गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने. उघड्या बाकांच्या मोटारीत बसून डोंगराची धार ओलांडली की पलीकडे खाली मेगन्स बे दिसतो. दोन डोंगरांच्या कवेत शिरलेले पाणी, तळ्याइतके निवांत, आणि सुमारे मैलभर वाकत गेलेली पांढरी पुळण. मागे माडांची राई. फाटकाशी पैसे घेतात. त्या पैशांबद्दल मोटारीतली एक बाई कुरकुरली, तेव्हा चालकाने मान न वळवता सांगितले की, बाईसाहेब, ही जागा एका माणसाच्या मालकीची होती; त्याने ती लोकांना दिली; तुमचे पैसे तिच्या झाडलोटीला जातात. त्या माणसाचे नाव आर्थर फेअरचाइल्ड. १९४६ साली त्याने ही जमीन बेटाच्या लोकांना बक्षीस देऊन टाकली.

मी पुळणीवर बसले, पाण्यात पाय घातले, नारळाचे पाणी प्याले. पण हा फेअरचाइल्ड काही केल्या डोक्यातून जाईना. त्याच्याजवळ इतर पुष्कळ असणार, हे उघड आहे. चौदा गुंठेवाल्याने त्याच्याशी आपली तुलना करणे हास्यास्पद. तरीही संध्याकाळी बोटीवर परतताना मी मनात भावाशी भांडत होते, आणि भांडणात दोन्हींकडून मीच बोलत होते.

अँटिग्वात तीनशे पासष्ट पुळणी आहेत, वर्षाच्या दिवसाला एक, असे तेथे भेटेल तो माणूस सांगतो. मोजल्या कोणी, हे विचारायचे नसते. आम्ही पाहिली ती एकच. तेथे खुर्ची आणि छत्री भाड्याने घ्यावी लागते. मावशीने भाव ऐकला, छत्रीवाल्याच्या तोंडाकडे पाहिले, आणि एका माडाखाली आपला टॉवेल पसरून त्यावर पेज जेवायला बसल्यासारखी मांडी घालून बसली. छत्रीवाला हसत जवळ आला. माडाखाली बसू नका, नारळ पडेल, म्हणाला. मावशी म्हणाली, "आमकां माड शिकयता?" तिचे म्हणणे एका अर्थी खरे होते. हा माड तेथला मुळीच नव्हे. कोलंबस आला तेव्हा या बेटांवर नारळ नव्हता. पोर्तुगीजांनी तो हिंदी महासागराच्या बाजूने आफ्रिकेच्या पश्चिमेकडे नेला आणि तेथून तो इकडे आला. आंबा आपल्याकडचा. ऊसही पूर्वेकडचाच. आपण ज्याला नीरफणस म्हणतो तो कॅप्टन ब्लायने १७९३ साली ताहितीहून आणला, मळ्यांवरच्या गुलामांचे पोट स्वस्तात भरावे म्हणून. मुळात येथली म्हणावी अशी माणसे युरोपातून आलेल्या लोकांनी जवळजवळ संपवली, आणि उसासाठी आफ्रिकेतून माणसे धरून आणली. १ ऑगस्ट १८३४ ला इंग्रजी राज्यातली गुलामगिरी कायद्याने सुटली. इतर बहुतेक बेटांवर मालकांनी उमेदवारीच्या नावाखाली माणसांना आणखी चार वर्षे अडकवून ठेवले, अँटिग्वाने त्याच दिवशी मोकळे केले. ज्या माडाखाली सगळे जग विश्रांतीला येते तो माडही परका, त्याखाली खुर्च्या मांडणाऱ्याचे पूर्वजही बेड्यांतून आलेले. विश्रांतीच्या जाहिरातीत हे कोणी छापत नाही. छापावे असे माझेही म्हणणे नाही; पण एवढे कळल्यावर मला त्या खुर्चीचे भाडे महाग वाटेनासे झाले.

सेंट लुशियाला पाऊस होता. कॅस्ट्रीज या एवढ्याशा गावाने दोन नोबेल पारितोषिके मिळवली आहेत: १९७९ साली अर्थशास्त्राचे आर्थर लुइस यांनी आणि १९९२ साली साहित्याचे डेरेक वॉलकॉट यांनी. वॉलकॉटांच्या नावाच्या चौकात एका अवाढव्य झाडाखाली मी पाऊस टळण्याची वाट पाहत अर्धा तास उभी होते. चौकाला आधी कोलंबसाचे नाव होते. दर्यावर्दीच्या नावाची पाटी काढून कवीच्या नावाची लावणारे गाव पाहून मला, सांगायला हरकत नाही, थोडा हेवा वाटला. मग विजी नावाच्या पुळणीवर गेले. एका बाजूला विमानाची धावपट्टी, तिच्या कडेला दफनभूमी, आणि लगेच वाळू. पुळणीला लागून मेलेली माणसे पाहिली आणि मला एकदम घरी आल्यासारखे झाले.

आणि मग रविवारी सकाळी बार्बाडोस.

या एका बेटावर भावाला तीन तासांची सुट्टी मिळते. नऊ वर्षांत त्याने पाय ठेवलेली पुळण ही एवढीच. बंदराच्या फाटकावर तो उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, लग्नाला निघाल्यासारखा. दिवसाउजेडी मी त्याला दोन वर्षांनी पाहत होते. कानशिलांवर पांढरे आले होते, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरला होता. अडतीस वर्षांचा आहे.

वाटेत त्याने मला केन्सिंग्टन ओव्हलचे क्रिकेटचे मैदान बाहेरून दाखवले. मार्च १९६२ मध्ये येथेच ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला. त्याला रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचा कप्तान फ्रँक वॉरेल होता आणि आपल्याकडचे उम्रीगर, बापू नाडकर्णी आणि चंदू बोर्डे होते. वडील ही गोष्ट देवाची गोष्ट सांगावी तशी सांगत. भावाला मात्र ओव्हल आठवते ते २९ जून २०२४ मुळे. त्या दिवशी भारताने येथे विश्वचषक जिंकला आणि हा मैदानापासून पुष्कळ दूर, बोटीच्या पोटात चादरींना घड्या घालत होता.

शहर रविवारचे झोपलेले. खाडीवरचा पूल ओलांडून अर्ध्या तासात आम्ही कार्लाइल बेवर आलो. मावशी मागून चर्चला जाऊन येणार होती. ही पुळण पाहून मी थबकले. पाणी अगदी थारोळ्यासारखे थांबलेले आणि रंग कच्च्या काचेचा. पण थबकले ते पाण्यामुळे नव्हे. पाण्यात गळ्यापर्यंत पाच-सहा म्हाताऱ्या उभ्या होत्या, डोक्यावर टोप्या आणि गवती हॅट घालून, आणि पोहण्याचे नावही न काढता गप्पा मारीत होत्या. विहिरीवर घागर टेकून बायका उभ्या राहतात ना, अगदी तशा. याला तेथे समुद्रस्नान म्हणतात. पहाटेपासून म्हातारी माणसे येतात. त्याच वेळी शर्यतीचे घोडेही समुद्रात आंघोळीला आणतात. भावाने ते एकदाच पाहिले आहेत, रात्रपाळी सुटून धावत आला तेव्हा. "घोडो पाण्यात गेलो काय लहान पोरासारखो करता," तो म्हणाला.

सावलीचे झाड शोधताना एकाच्या खोडावर तांबडा पट्टा दिसला. भावाने हात धरून मला मागे ओढले. ते मॅन्चिनील, विषारी. पावसात त्याखाली उभे राहिले तर गळणाऱ्या थेंबांनीसुद्धा अंगावर फोड उठतात. पलीकडे चांगला ओळखीचा देशी बदाम होता. त्याखाली टॉवेल अंथरला. आता बोलणार, म्हणून मी मन घट्ट करून बसले, आणि पाहते तो हा झोपलेला. तीन तासांतला पाऊण तास माझा भाऊ ज्या पुळणीसाठी लोक लाखो रुपये मोजतात तिच्यावर तोंडावर हात घेऊन झोपला. मी माश्या वारीत बसले. लहानपणी त्याला निजवून मीच माश्या वारीत असे.

जागा झाला आणि लगेच बोलला. जणू झोपेतही तेच वाक्य जुळवीत होता.

"ताई, माका आता जमणा नाय."

पुढचे त्याने फार साधेपणाने सांगितले. खांद्याचे दुखणे बोटीच्या डॉक्टरपासून त्याने लपवले आहे. कळले तर पुढचा करार मिळणार नाही. अजून दोन करार, मग घरी यायचे. घरी येऊन करायचे काय? वाडीचे पैसे आले तर टेम्पो घेता येईल, मुलाला नीट शाळेत घालता येईल. सगळे खरे होते. मी त्याला विचारले, "पाणंदीचं काय?"

आमच्या वाडीच्या मधून एक पाणंद पुळणीवर जाते. दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे, वर माडांच्या झावळ्यांची सावली. कुठल्याही नकाशावर ती नाही. आजोबांनी जाऊ दिले म्हणून रापणकर जात, त्यांनी जाऊ दिले म्हणून सगळा वाडा जाऊ लागला. गणपती तिच्यातूनच जातात. आई तिच्यातूनच गेली. खरेदीखतात तिचा उल्लेख नाही; विकत घेणाऱ्याच्या नकाशात त्या ठिकाणी पोहण्याचा तलाव आहे. समुद्रापासून शंभर पावलांवर पोहण्याचा तलाव.

"वाट, वाट खेका?" तो एकदम चिडला. "वाट माका पोसतली काय?"

याला उत्तर नव्हते. ती त्याला पोसणार नव्हतीच.

पाण्यातल्या एका म्हातारीने आमचे चढलेले आवाज ऐकले असावेत. ती मला हातवारे करून बोलावू लागली. मी साडी-पोलके दाखवले. तिने हात झटकला, म्हणजे त्याने काय होते. इतक्यात मावशी चर्चहून आली, तिने चपला काढल्या आणि फ्रॉकसकट सरळ पाण्यात शिरली. मग मीही पदर खोचला. गुडघे, मांड्या, कंबर. पाणी कोमट होते आणि खालची वाळू पायाखालून सरकत नव्हती. आमच्याकडे ती सरकते. लाट परतताना तळव्यांखालची जमीन काढून नेते. येथे मी उभी राहू शकत होते.

माझे इंग्रजी मॅट्रिकचे आणि तिचे बोलणे गाण्यासारखे हेलकावे घेणारे. पण मावशी मधे होती. बाई ऐंशीच्या घरातली. लहानपण पश्चिम किनाऱ्यावर गेलेले. घरामागच्या गल्लीतून उतरले की समुद्र. आता ती गल्ली दोन मोठ्या घरांच्या मधे गेली. बंद झाली का, मी विचारले. ती म्हणाली, छे, बंद कशी होईल? बार्बाडोसची प्रत्येक पुळण लोकांची आहे, कोणाला अडवता येत नाही. मग थोडे थांबून म्हणाली, पण गल्ली अरुंद झाली, मग अंधारी झाली, मग तिच्या तोंडाशी एक पहारेकरी उभा राहू लागला. तो काही बोलत नाही, नुसता पाहतो. म्हणून मी बस धरून येथे येते.

हे ऐकत माझा भाऊ काठावर पँट दुमडून उभा होता. तो काही बोलला नाही. एक वाजायला आला तसा टॉवेल झाडू लागला. चारही कोपरे धरून, वाऱ्याची दिशा पाहून, त्या कामात मुरलेल्या माणसासारखा. टॉवेलात एक कण राहू दिला नाही. मग माझ्या ओल्या साडीकडे पाहून म्हणाला, "ही मात्र माझ्याकडे धुवायला टाकू नको."

तो गेल्यावर मी आणि मावशी पिवळ्या पट्ट्याची निळी सरकारी बस पकडून पश्चिम किनाऱ्याने होलटाउनला गेलो. १६२७ साली इंग्रज वसाहतवाले पहिल्यांदा उतरले ते तेथे. पण मला ते पाहायचे नव्हते. मला तो रस्ता पाहायचा होता. बस समुद्राला खेटून जाते आणि लांबच लांब समुद्र दिसत नाही. भिंत, फाटक, फुलांची वेल, पुन्हा भिंत. मधेच एखाद्या फटीत निळे चमकते आणि विझते. अशा फटीला तेथले लोक समुद्राची खिडकी म्हणतात, आणि त्या कमी होत चालल्याबद्दल तेथे तक्रारही होते. कधी काळी ही काठाची जमीन उसाच्या कामाची नाही म्हणून मळेवाल्यांना तिची फारशी किंमत नव्हती. आमच्याकडेही पुळणीकडची वाडी नावडत्या मुलाच्या वाट्याला येई.

सगळ्याच बेटांवर निदान कायदा तरी असा आहे, असे नाही. जमैकात १९५६ सालच्या कायद्याने समुद्रकाठ सरकारचा ठरला, आणि सामान्य माणसाला त्यावर जाण्याचा सरसकट हक्क काही मिळाला नाही. हैतीच्या उत्तरेला लबादी नावाची पुळण १९८६ साली एका बोट कंपनीला भाड्याने दिली गेली आणि कुंपण घालून वेगळी झाली. आपल्याकडे भरतीरेषेच्या खालची वाळू सरकारची, आणि १९९१ पासून किनारा नियमनाची अधिसूचनाही आहे. काठापासून किती अंतरावर बांधायचे ते तीत सांगितले आहे. ते अंतर २०११ आणि २०१९ साली बदलले. पण माझ्यासारख्या बाईने आपल्या दारातून त्या वाळूपर्यंत कुठून जायचे, हे शेवटी गडग्याचा मालकच ठरवतो.

होलटाउनजवळ आम्हाला एक पाटी दिसली, पुळणीकडे जाण्याची सार्वजनिक वाट म्हणून. आम्ही शिरलो. दोन उंच भिंतींमधली बोळ. मी चालता चालता दोन्ही हात पसरले, तर दोन्ही भिंतींना बोटे लागली. शेवटी समुद्र होता, आणि तो फार सुंदर होता. आणि त्या सगळ्या लांबलचक सोनेरी पुळणीवर बेटावरची म्हणावीत अशी माणसे मला चार दिसली. त्यांतली दोन खुर्च्या पुसत होती.

रात्री जिन्यापाशी भावाला मी बोळीची रुंदी हात पसरून दाखवली. तो घाईत होता. बार्बाडोसचे टॉवेल खाली येऊन पडले होते.

मी जूनमध्ये पावसाबरोबर घरी आले. मुंबईच्या गृहस्थांचा माणूस कागद घेऊन आला, तेव्हा मी त्याला सांगितले की वाडी देतो, पण पाणंद सोडून. ती मोजून, वेगळा हिस्सा पाडून ग्रामपंचायतीच्या नावे करायची आहे. त्याला वाटले मी भाव वाढवते आहे. खरे कळल्यावर त्याने भाव बराच खाली आणला, तलाव आता कुठे जाणार म्हणून. मी भावाला तो आकडा जसाच्या तसा कळवला. माझ्या हिश्शातून किती कापायचे तेही कळवले, कारण टेम्पोची किंमत कमी होत नसते. आठ दिवस उत्तर नाही. ते आठ दिवस मला फार जड गेले. बालवर्गातल्या मुलांना मी समुद्राचे चित्र काढायला सांगितले, तर सगळ्यांनी होड्या काढल्या आणि एकीने फक्त पाणंद काढली. कादंबरीत मी असे लिहिले असते तर संपादकांनी खोडले असते.

पाऊस उघडल्यावर मोजणी होणार आहे. भूमी अभिलेखच्या कचेरीत मी पैसे भरले. तेथल्या कारकुनाने विचारले, वाट किती रुंदीची सोडायची? मी अंदाजाने चार फूट सांगितले, आणि भावालाही तसे कळवून ठेवले. त्या रात्री त्याचा आवाज फोनवर आला. मागे यंत्रे घरघरत होती, त्यामुळे दोनदा ऐकावा लागला.

"चार नको, ताई. आठ फूट ठेव. चार फुटांतसून रापण जावची नाय."